आईच्या हातचें आयदान



आपल्या बीडकडे सुपें-टोपल्या बुरूड विणतात. कोंकणांत तें काम महार समाजाकडे होतें. बांबूच्या त्या जिनसांना तिकडे आयदान म्हणत. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार लहान असतांनाच वडील वारले. मग आईच्या विणण्यावर घर चाललें, पोरांची शाळाही चालली. गांवच्या बाया लांकडें, गवत, टोपल्या डोक्यावर घेऊन डोंगरवाटेनें रत्नागिरीच्या बाजारीं जात. हें पाहिलेल्या ऊर्मिलाबाई पुढें नांवाजलेल्या कथालेखिका झाल्या. २००३ सालीं त्यांचें आत्मचरित्र निघालें, नांव ‘आयदान’. आपल्या लिहिण्याची वीण आईच्याच विणीसारखी, असें त्या सांगतात. कोणी पुस्तकाला राणीचें नांव देतो, कोणी देवीचें. बाईंनीं टोपलीचें दिलें!

आतां माझी गोष्ट. चौथीच्या मुलींना ‘माझी आई’ हा निबंध घातला. निम्म्या पोरींनीं लिहिलें, आई कांहीं करीत नाहीं. यांच्या आया दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकांत चढतात! मी रागावणारच होतों. पण शाळेची वही उघडली, तों ‘आईचा धंदा’ या रकान्यांत माझ्याच अक्षरांत सगळीकडे ‘घरकाम’. मास्तरच असा, तर पोरींना काय बोल लावावा?

निबंध उद्यां पुन्हां लिहावयाचा आहे. आज पोरी विचारतील, फडांत किती वाजतां उठतेस, कोयता हातीं कधीं आला. “जा, अभ्यास कर” म्हणून हांकलूं नका. भाकरी थापतां थापतां सांगा. त्या लिहून घेतील.