विडी सोडल्यानंतरचा शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त लोअर परळ येथें भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हां पांच-सहा जणांस येथें उभें राहण्याची आज्ञा केली, तेव्हां आम्हीं प्रथम नकारच दिला. आम्ही विद्वान नव्हों, वैद्यही नव्हों. एके काळीं आम्ही सर्व विडी-सिगारेट ओढीत होतों आणि आतां ओढीत नाहीं, एवढीच आमची पात्रता. परंतु समितीचें म्हणणें असें पडलें कीं, जे सोडूं पाहतात त्यांस धीर कसा द्यावा, हें ज्यांनीं सोडली त्यांनींच सांगावें. हा विषय दिसतो तितका सोपा नाहीं. धीर देतां देतां आमच्याच हातून एकाचा धीर खचला होता. ती गोष्ट झांकून ठेवून येथें बोलणें योग्य होणार नाहीं. तिच्याकडे आम्ही पुढें येऊंच.

आपल्या या वस्तींत धुराचा इतिहास मोठा आहे. आमच्या वडिलांच्या पिढीचें घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. कापसाच्या खात्यांत विडी पेटविणें म्हणजे सबंध गिरणीस आग लावणें. म्हणून तेथें धूम्रपानास सक्त मनाई असे. त्यामुळें साच्यावर उभे राहणारे तंबाखू-चुना मळूं लागले, आणि ज्यांस धुरावांचून चैन पडेना ते संडासाच्या आडोशाला जाऊन दोन झुरके घेऊं लागले. पाळी सुटली कीं दरवाजाबाहेरच्या टपरीवर एकाच्या विस्तवावर चौघांच्या विड्या पेटत. नवा बदली कामगार आला कीं जुना त्याच्यापुढें विडी धरी, आणि तेवढ्यानें दोघांची ओळख होई. त्या विस्तवांत स्नेह होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. जो विडी सोडतो तो बहुधा एक मित्रमंडळही सोडीत असतो, व उपदेश करणाऱ्यास याचा विसर पडतो.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. दुपार कशी काढावी हें ज्यांस कळेना, त्यांच्या हातीं विडी अधिकच वेळ राहूं लागली. आज फिनिक्स गिरणीच्या जागीं झगझगीत बाजार आहे, आणि कमला गिरणीच्या आवारांत कचेऱ्या व उपाहारगृहें आहेत. टपरी मात्र उरली आहे. तेथें आतां गळ्यांत ओळखपत्र अडकविलेला तरुण उभा असतो. विस्तव मागण्याची रीत तीच. २८ व २९ डिसेंबर २०१७ यांमधील रात्रीं त्या कमला आवारांत आग लागून १४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्यांनीं ती लागली, असा अग्निशमन दलाच्या चौकशीचा निष्कर्ष निघाला, आणि पुढील वर्षीं महाराष्ट्रांत हुक्कागृहांस कायद्यानें बंदी झाली. ज्या भयानें गिरणीच्या खात्यांत विडी वर्ज्य होती, तें भय गिरणी बंद पडल्यावर त्याच भूमीवर खरें ठरलें.

तंबाखूपासून काय होतें, हें परळच्या लोकांस आंकड्यांनीं सांगण्याचें कारण नाहीं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें गेलेलें टाटा रुग्णालय आपल्यापासून हांकेच्या अंतरावर आहे, आणि त्याच्या बाहेरील पदपथावर पथारी टाकून बसलेलीं कुटुंबें आपण येतां-जातां पाहतों. मात्र एक आंकडा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शासनाच्या २०१६-१७ सालच्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं धूम्रपान करणारे शेंकडा ३.८ आढळले, आणि तंबाखू तोंडांत धरणारे वा दांतांस लावणारे शेंकडा २४.४. म्हणून कोणी आम्हांस मोठ्या हर्षानें ‘विडी सोडली’ असें सांगितलें, कीं आम्ही हळूच विचारतों, ‘आणि गालांत काय आहे?’ घरोघरींच्या मशेरीच्या डब्यांविषयीं आमच्या भगिनींनींच एकदां या व्यासपीठावरून बोलावें. तो आमचा अधिकार नव्हे.

आपणांमध्यें एक चमत्कारिक प्रथा आहे. राखेच्या बुधवारीं कित्येक जण सिगारेट टाकतात, आणि ईस्टरच्या सकाळीं मिस्साबलिदान आटोपून बाहेर पडतांच फाटकापाशीं पहिली पेटवितात. आम्हींही वर्षानुवर्षें तसेंच केलें. वैद्य सांगतात कीं, निकोटीनच्या ओढीचा खरा जोर पहिल्या आठवड्यांत असतो. चीड, अस्वस्थता, निद्रानाश हा सर्व त्रास बहुतेकांच्या बाबतींत तीन-चार आठवड्यांत निवळत जातो. म्हणजे उपवासकाळाच्या अखेरीस जें कठीण तें होऊन गेलेलें असतें. डोंगर चढून माथ्यावर पोंचल्यावर आपण आपण होऊन खालीं उडी घेतों! आमच्यापैकीं एकानें एका वर्षीं ईस्टरची सिगारेट ‘उद्यां ओढूं’ म्हणून पुढें ढकलली. त्याचा तो उद्यां अद्याप उजाडलेला नाहीं.

आतां त्या गोष्टीकडे येतों. आमच्यांतील एका गृहस्थांनीं नऊ वर्षें विडीस स्पर्श केला नव्हता. आम्ही त्यांस प्रत्येक सभेंत पुढें करीत असूं. शाळेच्या मुलांसमोर उभे करूं, टाळ्या वाजवूं. त्यांची पत्नी निवर्तली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत ते आमच्यांत येईनासे झाले. दुःखामुळें येत नसावेत, असें आम्ही समजलों. एके सायंकाळीं करी रोडच्या पुलाखालीं ते आमच्यापैकीं दोघांच्या दृष्टीस पडले. हातांत विडी होती. आम्हांस पाहतांच त्यांनीं ती मुठींत दाबून विझविली. तळहात पोळला असेल. आम्हीं तोंड फिरविलें आणि पुढें चालूं लागलों. त्यांस लाज वाटूं नये म्हणून आपण तसें केलें, अशी आम्हीं आपल्या मनाची समजूत घातली. खरें पाहतां आम्हांस राग आला होता. ज्या मूर्तीस आम्ही इतके दिवस मिरविलें तीच भंगली, याचा तो राग होता.

पुढें आठ महिने आमच्यापैकीं एकही जण त्यांच्या दारीं गेला नाहीं.

अखेर गेलों तेव्हां त्यांनीं चहा केला, आणि फार शांतपणें म्हणाले, ‘तुम्हीं मला इतकें उंच बसविलेंत, कीं पडल्यावर हांक कोणास मारावी तें कळेना.’ त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ते आज या सभेंत आहेत. नांव न घेण्याच्या अटीवर त्यांनीं ही हकीकत सांगण्यास अनुमति दिली आहे.

त्यानंतर आमच्या वाचनांत एक संशोधन आलें. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घ पाहणीच्या नोंदींतून १२,०६७ माणसांचा १९७१ ते २००३ पर्यंतचा वृत्तांत ख्रिस्टाकिस व फाउलर या दोघां पंडितांनीं तपासला, आणि २००८ सालीं असें दाखविलें कीं, माणसें एकेकटीं नव्हेत, तर गटागटानें धूम्रपान सोडतात. पति-पत्नींपैकीं एकानें सोडलें तर दुसऱ्याच्या धूम्रपानाची शक्यता शेंकडा ६७ नें घटते. मित्रानें सोडलें तर ३६ नें. लहान कचेरींतील सहकाऱ्यानें सोडलें तर ३४ नें. आणि भावाबहिणीनें सोडलें तर अवघ्या २५ नें. सख्ख्या भावाहून मित्राचें वजन अधिक, हें वाचून आम्हांस हंसूं आलें. परंतु त्याच संशोधनांतील दुसरा निष्कर्ष वाचून हंसूं मावळलें. जे ओढीत राहतात ते काळ लोटतो तसे आपल्या समाजाच्या कडेला ढकलले जातात, असें त्यांस आढळलें. करी रोडच्या पुलाखालीं आम्हीं स्वहस्तें तेंच केलें होतें.

मौनही उपयोगाचें नाहीं. श्री. शरद पवार यांस तंबाखू-सुपारीच्या संवयीपायीं मुखाचा कर्करोग झाला व २००४ सालीं त्यांजवर शस्त्रक्रिया झाली. पुढें मुंबईंतील दंतवैद्यांच्या सभेंत, आपणांस चाळीस वर्षांपूर्वीं कोणी सावध केलें असतें तर बरें झालें असतें, असा खेद त्यांनीं व्यक्त केला. एवढ्या मोठ्या पुरुषाभोंवतीं माणसांची काय वाण असेल? परंतु बोलणारा कोणी निघाला नाहीं.

तेव्हां बोलावें तर खरें, पण शेजारीं बसून. आणि यांत बोलणाऱ्याचाही स्वार्थ आहे. मद्यपी बांधवांच्या ज्या सभा मुंबईंत कित्येक चर्चच्या शाळांतून भरतात, त्या चळवळीचा उगम असाच झाला. १९३५ सालीं बिल विल्सन हा गृहस्थ व्यवहार फसल्यामुळें अ‍ॅक्रन शहरीं एका हॉटेलांत एकटाच उभा होता. जवळच मद्याचें दालन होतें. आपण वांचावयाचें तर दुसऱ्या एखाद्या मद्यप्यास गांठून त्याच्याशीं बोललें पाहिजे, असें त्याला उमगलें, आणि त्यानें डॉक्टर बॉब स्मिथ यांस शोधून काढलें. पण हेंही सांगितलें पाहिजे कीं, हा विल्सन सिगारेटचा मोठा षोकी होता, आणि १९७१ सालीं फुप्फुसांच्या विकारानेंच वारला. एका व्यसनांतून इतरांस सोडविणारा दुसऱ्यांत अडकून राहूं शकतो.

आमची रीत अगदीं साधी आहे. ओढ आली कीं ती बहुधा तीन ते पांच मिनिटें टिकते. ज्याला ती येते तो आमच्यापैकीं एकास दूरध्वनि करतो, आणि दोघे मिळून डिलाईल पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. २०१८ नंतर तो पूल पाडून नवा बांधीत होते, तेव्हां फार लांबचा वळसा पडे. अर्धी वाट चालून होण्यापूर्वींच ओढ संपून जाई, हा एक लाभच झाला म्हणावयाचा. ज्यांस एवढ्यानें भागत नाहीं त्यांनीं वैद्याकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. निकोटीनची ओढ हा शरीराचा विकार आहे व त्यावर औषधें आहेत. सिगारेटच्या पाकिटावर त्या भयंकर चित्राजवळच १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क क्रमांक छापलेला असतो. आम्हीं तो पाकिटावरूनच वाचला, हें कबूल करावयास हरकत नाहीं. आणि कोणी पुन्हां ओढूं लागला तर ‘किती दिवस झाले होते?’ असें आम्ही आतां विचारीत नाहीं. ‘चहा घेतोस काय?’ असें विचारतों.

स्मरणिकेंत छापण्यासाठीं समितीनें आमच्या मंडळींपैकीं विडी सोडलेल्यांची संख्या मागितली होती. ती आम्हीं दिली नाहीं. गेल्या महिन्यांत ती एकानें घटली, आणि येत्या रविवारीं पुन्हां वाढेल असें चिन्ह आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्साबलिदानानंतर आम्ही सभागृहाच्या मागील पायऱ्यांवर बसतों. चहा आमच्याकडून असतो. ज्यांच्या खिशांत पाकीट आहे, त्यांनीं तें बाहेर ठेवून येण्याची आवश्यकता नाहीं.