टिकी कोरताना: पाम, पटाशी आणि 'हा कोण?'

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा पडेल असं दोघातिघांनी कळवलं, म्हणून हा मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ना' थोडे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.

मी कोकणातला, बी.टेक. पुण्यातून, सध्या सॅन डिएगोत सॉफ्टवेअर इंजिनियर. दिवसभर जे काम करतो ते रात्री कुणाच्या हातात ठेवता येत नाही. त्या वैतागातून लाकूडकाम सुरू झालं. आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त सुतारकाका गॅरेज उघडं ठेवून टिकी कोरत बसतात. टिकी तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. उभा लाकडी खांब, त्यावर मोठे डोळे, जाड भुवया, रुंद नाक, उघडं तोंड आणि दात. इकडे बारच्या दारात, हॉटेलच्या पूलशेजारी, लोकांच्या अंगणात सर्रास दिसतात.

लाकूड फुकट मिळतं. रस्त्याकडेचे उंच मेक्सिकन फॅन पाम तोडले की तोडणारे लोक ओंडका आनंदाने देतात. पाम म्हणजे आपल्या माडाचा भाऊबंदच. त्याच्या खोडात वर्षाची वलयं नसतात, नुसते उभे दोरे असतात. बाहेरचा थर टणक, आतला गाभा मऊ. सागाच्या सवयीने हात लावाल तर फसाल, कारण जितकं खोल जाल तितकं लाकूड लिबलिबीत होत जातं. ओलं असतानाच कोरायचं, वाळलं की हात दुखतात. आणि हे दोरे पटाशीची धार खातात. मी कोरण्याइतकाच वेळ धार लावण्यात घालवतो. गंमत नाही.

पद्धत सांगतो. आधी साल तासायची. मग खडूने बरोबर मधोमध उभी रेघ. ही रेघ चुकली की चेहरा वाकडा, पुढे काहीही करा. डोकं भरपूर मोठं ठेवायचं, निम्म्या उंचीपर्यंत चालतं. सगळ्यात पुढे आलेला भाग म्हणजे नाक, तो आधी ठरवायचा, कारण बाकी सगळं त्याच्यापेक्षा आत जाणार. नाकाच्या खालच्या कडेला पटाशी सरळ उभी धरून मोगरीने ठोकायची. तिथे दोरे तुटतात. मग खालून तिरकं कापत त्या खाचेपर्यंत यायचं. खाच नसेल तर ढलपी थांबतच नाही, वर धावते आणि नाक सोबत घेऊन जाते.

माझ्या पहिल्या टिकीचं नाक असंच गेलं. काका हसले, म्हणाले, "आता सगळा चेहरा एक इंच मागे घे." दोन शनिवार तेच केलं. इथे कंट्रोल-झेड नाही. (हातमोज्याबद्दल: पटाशीपुढे हात कधीच नको, मग मोजा असो वा नसो. अंगठ्याला तीन टाके पडले तेव्हा कळलं.)

पण खरी गोष्ट पुढे आहे. तो टिकी मी इंटरनेटवरच्या एका फोटोवरून कोरला होता. ऑफिसातल्या मित्राला अभिमानाने दाखवला. त्याची आई हवाईची. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?"

मी म्हटलं, "टिकी."

"हो, पण कोण?"

उत्तर नव्हतं. तो रागावला नाही, नुसतं सांगितलं. हवाईत अशा मूर्तीला 'किई' म्हणतात, आणि मी ज्याची नक्कल केली तो 'कू', त्यांचा देव. युद्धाचाही.

मग वाचत बसलो. 1819 साली राजा लिहोलिहो बायकांबरोबर जेवायला बसला. तोवर हे निषिद्ध होतं. त्या एका पंगतीने जुनी 'कापू' व्यवस्था मोडली आणि पाठोपाठ देवळं पाडण्याचे, मूर्ती जाळण्याचे हुकूम निघाले. कूच्या देवळातल्या मोठ्या मूर्तींपैकी तीन उरल्या. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एक अमेरिकेत सेलमच्या पीबॉडी एसेक्समध्ये, एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये. 2010 साली तिन्ही होनोलुलूत एकत्र उभ्या केल्या होत्या. त्यांचे फोटो पाहिले आणि माझ्या गॅरेजमधला ठोकळा बघवेना.

काकांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, हा देव नाही, अमेरिकन वस्तू आहे. 1930च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबरसारखे बार निघाले, महायुद्धात सैनिक पॅसिफिक बघून आले, 1959 साली हवाई अमेरिकेचं राज्य झालं, आणि सगळ्यांना अंगणात एक बेट हवं झालं. त्यात मार्केसासचे डोळे, हवाईचं तोंड, ईस्टर बेटाची हनुवटी, सगळी भेळ. हे बरोबरच आहे. पण भेळेत कुणाचा तरी देव गेलाच ना? चपलेवर गणपती छापला की आपल्या फॅमिली ग्रुपवर काय होतं ते आठवा. तिथे 'ही फक्त डिझाइन आहे' हे उत्तर आपण ऐकून घेत नाही.

छंद सोडायचा का, असं मित्राला विचारलं. तो म्हणाला, "लाकूड कोर की. माझ्या कूला बारच्या दारात उभा करू नकोस, एवढंच."

वाचताना एक शोध मात्र मजेशीर लागला. हवाईत 'मिलो' नावाच्या झाडाचे वाडगे करतात, मार्केसासमध्येही त्यावर कोरीवकाम होतं. मिलो म्हणजे आमच्या खाडीकडेची भेंडी! भाजीची नव्हे, पिवळ्या फुलांचं झाड. लहानपणी त्याच्याखाली क्रिकेट खेळलोय आणि लाकडाकडे कधी पाहिलं नाही. आईला फोन केला तर म्हणाली, गेल्या पावसात एक पडलं होतं, सरपणाला गेलं.

पहिला टिकी गॅरेजच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून आहे. टाकवतही नाही, मांडवतही नाही. सध्याच्या ओंडक्यावर फोटो न बघता माणसाचा चेहरा काढतोय. कान मोठे आणि नाक आजोबांचं, म्हणजे पामला परवडेल एवढं रुंद. मधली रेघ मारून झालीय. शनिवारी नाकाखालची खाच.

चला, पुढच्या भागात भेटू. आणि तुमच्याकडे भेंडीचं झाड पडलं तर सरपणाआधी मला मेसेज करा!