घरातील हवा आणि यंत्रातील जाळी : वर्षभराचे एक छोटे काम
(दिल्लीतील मराठी रहिवाशांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्रातून येऊन या शहरात स्थायिक झाली. येथील पहिल्या उन्हाळ्याने आपल्याला कूलर किंवा एसी घ्यायला लावला आणि पहिल्या हिवाळ्याने हीटर. अलीकडे अनेक घरांत हवा शुद्ध करणारे यंत्रही आले आहे. ही यंत्रे आपण चार दुकाने फिरून, पारखून घेतली. परंतु त्यांच्या आतील जाळी शेवटची केव्हा स्वच्छ केली, असे विचारले तर या सभागृहात फार थोडे हात वर होतील. म्हणूनच आज मी याच विषयावर बोलणार आहे.

परिचर्या शास्त्राची पदवी घेतल्यानंतर काही वर्षे मी बालरुग्ण विभागात काम केले. एका उन्हाळ्यात सात वर्षांचा एक मुलगा दम्याच्या त्रासामुळे तीन वेळा आमच्याकडे आला. दर वेळी त्याला वाफेतून औषध दिले गेले. इन्हेलर कसा घ्यावा हे मी त्याच्या आईला पुन्हा पुन्हा दाखवले. घरात कोणी धूम्रपान करते का, उदबत्ती लावता का, हेही विचारले. तिसऱ्या वेळी ती माउली सहज म्हणाली, ‘‘सिस्टर, दिवसभर ठीक असतो हो. रात्री एसी लावला की खोकला सुरू होतो.’’ मी तिला एसीची जाळी काढून पाहायला सांगितले. पुढच्या भेटीत तिने मोबाइलवर छायाचित्र दाखवले. जाळीची छिद्रे दिसतच नव्हती. तिच्यावर करड्या नमद्यासारखा धुळीचा थर बसला होता. दोन उन्हाळे ती जाळी कोणी काढलीच नव्हती.

जाळी धुतल्यानंतर त्या मुलाचा रात्रीचा खोकला कमी झाला. त्याचे इन्हेलर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरूच राहिले, हे येथे आवर्जून सांगते. एका मुलाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही. तरीही त्या दिवशी मी माझ्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. औषधांविषयी सर्व काही लिहिलेले होते, परंतु ते मूल रोज आठ तास ज्या हवेत झोपत होते तिच्याविषयी एकही ओळ नव्हती. ती उणीव माझी होती. तेव्हापासून श्वसनाचा त्रास असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी मी हा प्रश्न विचारते.

जाळी काय करते आणि काय करीत नाही

घरातील स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेतो, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. ही हवा आत जाताना प्रथम जाळीतून जाते. कपड्यांचे तंतू, केस आणि जाडसर धूळ तेथे अडते. कालांतराने छिद्रे बुजतात आणि हवेचा प्रवाह मंदावतो. गारवा कमी वाटला की आपण रिमोटवर तापमान २४ वरून १८ अंशांवर आणतो. दोष तापमानात नसतो, जाळीत असतो. विजेचे बिल तेवढे वाढते. प्रवाह फारच घटला तर आतील शीतनलिकांवर बर्फ साचतो आणि तो वितळून पाणी भिंतीवर ठिबकू लागते. धूळ आणि ओल एकत्र आली की बुरशीला आयतेच घर मिळते. धूळ आणि बुरशीचे बीजाणू दमा किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचा त्रास वाढवू शकतात.

मात्र या जाळीकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. माणसाचा केस साधारणतः ५० ते ७० मायक्रोमीटर जाडीचा असतो. ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो ते कण २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहूनही लहान असतात. ते साध्या जाळीतून सहज पार होतात आणि फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. त्यामुळे एसी लावला म्हणजे धुरकटलेली हवा शुद्ध झाली, असे समजणे चुकीचे आहे.

जाळी धुण्याची रीत

हे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे. प्रथम एसी केवळ रिमोटने बंद न करता मुख्य बटण बंद करावे. उभे राहण्यासाठी न डगमगणारे स्टूल घ्यावे. हात कोरडे असावेत. नाका-तोंडावर मास्क लावावा. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये आणि ते चालू असताना त्या खोलीत थांबूही नये. घरकामाला येणाऱ्या ताईंवर हे काम सोपवत असाल, तर त्यांनाही मास्क द्यावा. धूळ त्यांच्याही फुप्फुसांत जाते.

पुढचे झाकण उघडून जाळी हलकेच वर उचलून बाहेर ओढावी. आतील ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांना हात लावू नये, त्यांच्या कडा धारदार असतात. जाळी खोलीत झटकू नये, अन्यथा अडवलेली सारी धूळ पुन्हा आपल्याच श्वासात येईल. मोरीत किंवा बाल्कनीत नेऊन मऊ ब्रशने धूळ काढावी. नंतर साध्या किंवा किंचित कोमट पाण्याने, लागल्यास सौम्य साबणाने धुवावी. पाण्याची धार धूळ न बसलेल्या बाजूने सोडावी, म्हणजे धूळ ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर पडते. उकळते पाणी वापरू नये आणि जाळी कडक उन्हात ठेवू नये, कारण प्लास्टिक वाकडे होते. सावलीत पूर्ण वाळल्यावरच ती परत बसवावी. ओली जाळी बसवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय.

काही यंत्रांत मुख्य जाळीखेरीज सूक्ष्म कणांसाठी वेगळी पट्टी असते. तिला पाणी चालते की नाही, हे यंत्रासोबतच्या पुस्तिकेत पाहावे. जाळी फाटली किंवा वाकली असेल तर नवीन बसवावी. जाळीशिवाय एसी चालवू नये.

ऋतूप्रमाणे काळजी

मे-जूनमध्ये येथे धुळीची वादळे येतात. या काळात दर पंधरा दिवसांनी जाळी धुवावी. एरवी वापर चालू असताना महिन्यातून एकदा पुरे. अनेक महिने बंद असलेला एसी सुरू करण्यापूर्वी जाळी धुवावी आणि जाणकार तंत्रज्ञाकडून आतील भाग व पाणी वाहून नेणारी नळी स्वच्छ करून घ्यावी.

ज्यांच्याकडे कूलर आहे त्यांना दुहेरी काळजी घ्यावी लागते. वाळ्याचे किंवा गवताचे पडदे कुजट वासाचे झाले, काळवंडले की बदलावेत. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा संपूर्ण काढून टाकावे. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. येथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. या डासाची अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्या अवस्थेत अनेक महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही, टाकीच्या भिंती घासायलाच हव्यात. हंगाम संपताना कूलर घासून, वाळवून, झाकून ठेवावा.

हिवाळ्यात हवेचा प्रश्न अधिक गंभीर होतो. आपल्या देशाच्या मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. दिल्लीत हिवाळ्यातील अनेक दिवस ही मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी हेपा गाळणी असलेले यंत्र एका खोलीपुरते उपयुक्त ठरू शकते. ही गाळणी धुवायची नसते, ती बदलायची असते. धुतल्यास तिचे तंतू खराब होतात आणि ती निरुपयोगी होते. बदलण्याची सूचना देणारा लाल दिवा बटण दाबून विझवता येतो, पण दिवा विझल्याने गाळणी स्वच्छ होत नाही. प्रदूषण अधिक असल्यास पुस्तिकेतील मुदतीपूर्वीही ती भरते. जुनी गाळणी मास्क लावून काढावी आणि पिशवीत घालून, तोंड बांधून कचऱ्यात टाकावी.

ज्यांचा एसी हिवाळ्यात उबही देतो, त्यांनी त्याची जाळी त्या दिवसांतही धुवावी.

जे कोणतीही जाळी अडवू शकत नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. कोळशाची शेगडी, जिला येथे अंगीठी म्हणतात, बंद खोलीत पेटवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि झोपलेला माणूस जागा न होताच दगावू शकतो. एसीची जाळी किंवा हेपा गाळणी हा वायू अडवू शकत नाही. आपल्या इमारतीतील रखवालदार रात्री लहानशा केबिनमध्ये शेगडी घेऊन बसत असेल, तर त्याला हे अवश्य सांगा. केवळ सांगून थांबू नका, त्याच्यासाठी उबदार कपडे आणि पांघरुणाची सोयही करा. शेगडी असलेल्या खोलीत कोणाला डोकेदुखी, मळमळ, गुंगी जाणवली तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

त्याचप्रमाणे, स्वच्छ जाळी ही ताज्या हवेची जागा घेत नाही. बंद खोलीत तीच हवा फिरत राहते आणि खोकल्यातून पसरणारे रोगजंतूही तेथेच रेंगाळतात. क्षयरोग हवेतून पसरतो, हे आपण जाणतोच. म्हणून बाहेरचे प्रदूषण तुलनेने कमी असेल अशा वेळी, रोज थोडा वेळ तरी, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. दोन आठवडे किंवा अधिक काळ खोकला असेल, तर एसीला दोष देत न बसता सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. दम्याच्या रुग्णाने जाळी धुतली म्हणून स्वतःहून औषध बंद करू नये. धाप लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

लक्षात ठेवण्याजोगे

• एसीची जाळी : वापर असताना महिन्यातून एकदा, धुळीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी.
• कूलर : दर आठवड्याला पाणी काढून भिंती घासाव्यात.
• हेपा गाळणी : धुवू नये, वेळेवर बदलावी.
• कोळशाची शेगडी : बंद खोलीत कधीही नको.
• खिडकी : योग्य वेळ पाहून रोज उघडावी.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपण पिण्याचे पाणी गाळून घेतो, धान्य निवडून घेतो. हवा दिसत नाही, म्हणून ती निवडायचे राहून जाते. आज घरी गेल्यावर एवढेच करा : एसीचे मुख्य बटण बंद करा, झाकण उघडा आणि जाळी उजेडात धरून पाहा. तिच्यातून पलीकडचे दिसत नसेल, तर ती आजच धुवा. धुतल्याची तारीख स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा, म्हणजे पुढची तारीख चुकणार नाही.