शेतातली जीप आणि सार्वजनिक रस्ता

खानापूर तालुक्यातील आमच्या घरामागे, गोठ्याला लागून असलेल्या मांडवात, एक जीप चौदा वर्षे उभी होती. कोंबड्या तिच्या मागच्या बाकावर अंडी घालीत. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या पुतण्याने ती बाहेर काढली, आणि एका रविवारी मिस्सा आटोपून मी घरी परतलो तेव्हा त्याने मला तिच्यापुढे उभे करून विचारले, "काका, ही पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. काय काय लागेल?" त्याच्या हाती वहीचे एक पान होते. मोठे टायर, पाटे बदलून वाढवलेली उंची, पुढे लोखंडी नळ्यांचा गार्ड, टपावर चार दिवे, असे सारे त्यावर लिहिले होते. मी त्याला म्हणालो, "आधी आर. सी. बुक आण." हे उत्तर त्याला रुचले नाही. ते मी का दिले, एवढेच आज मला आपणांस सांगायचे आहे.

जीप ही गाडी मुळी रस्त्यासाठी जन्मलेलीच नाही. सन १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीची मागणी केली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. त्या गाडीतील प्रत्येक सोय रणांगणाची होती. पुढचे दिवे लहान आणि जाळीच्या आत बसवलेले. बिजागरीवर मागे फिरवले की रात्री इंजिनाच्या दुरुस्तीला त्यांचाच उजेड मिळे. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली, म्हणजे तेल भरताना बसलेल्याने उठायचे. मागचा नेहमीचा लाल दिवा एकट्या डाव्या अंगाला. १९४५ साली विलीजने तीच गाडी नागरिकांसाठी विकायला काढली, तेव्हा पुढचे दिवे मोठे केले, टाकीचे तोंड बाहेर आणले आणि मागे उघडझाप करणारी फळी बसवली. रानातली गाडी रस्त्यावर आणताना प्रथम दिव्यांकडे लक्ष द्यावे लागले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिचे कारण पुढे येईल.

आमची जीप युद्धातली नव्हे. मुंबईच्या महिंद्र कंपनीने आपल्याकडे बांधलेली, उंच बॉनेटची. तिच्या इंजिनाच्या काही झडपा डोक्यावर आल्यामुळे इंजिन उंच झाले, आणि त्याला सामावून घेण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. चुलत्यांच्या नावावर तिची नोंद १९६८ सालची. इंधन पेट्रोल, इंजिनाचा क्रमांक अमुक, चासीचा क्रमांक तमुक. भात, शेणखत, दवाखान्याकडे निघालेल्या बाळंतिणी, सारे तिने वाहिले.

पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा, १९९४ साली, चुलतभावाने तिच्यात मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवून घेतले. मिस्त्री हुशार होता. इंजिनाचे पाय जमेनात म्हणून त्याने लोखंडी पट्ट्या तोडून नवे पाय घडवले, गिअरबॉक्सशी जोडणी केली आणि आठ दिवसांत गाडी दारात आणून उभी केली. आर. सी. बुकात मात्र पेट्रोलच राहिले आणि क्रमांकही जुनाच राहिला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्या वेळी जसे होते त्याप्रमाणे, मालकाने आधी कळवून नोंदणी अधिकाऱ्याची संमती घेतली असती, तर हा बदल कागदावर चढवता आला असता. एक अर्ज, थोडी फी, एक फेरी. ते कुणी केले नाही. मीही कधी विचारले नाही.

२०११ च्या जून महिन्यात एका संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ बाजारातून परतत होतो. निघताना उजवा दिवा लागत नसल्याचे माझ्या ध्यानात आले होते. मी बोललो नाही. घर सात-आठ मैलांवर, पाऊस येऊ घातलेला. वळणावर समोरून सायकलीवर एक दूधवाला आला. त्याला आमचा डावा दिवा तेवढा दिसला. मोटारसायकल येत आहे अशा समजुतीने तो रस्त्याच्या मध्याकडून निघाला, आणि जीपची उजवी बाजू त्याच्या पायावर गेली. भावाने ब्रेक दाबला होता. पण डिझेल इंजिनाचे वाढलेले वजन पुढे, आणि ब्रेक मात्र जुनेच. गाडी थांबली तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. त्या माणसाचा पाय वाचला. पण त्याला पुन्हा सायकल मारता आली नाही.

नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा विमा कंपनीने इंजिनाच्या क्रमांकावर बोट ठेवले. विमा उतरवला होता तो पेट्रोलच्या जीपचा, आणि रस्त्यावर होती ती वेगळीच गाडी. तारखा पडत गेल्या. अखेर चुलतभावाने ओढ्याकाठचा भाताचा एक तुकडा विकून पैसे भरले, आणि जीप मांडवात लावली ती लावलीच.

गाडी कोणती, हे कशावरून ठरते? मिस्त्रीला विचारा, तो इंजिनावर हात ठेवील. आमच्या गावी तर इंजिन म्हणजे गाडीचा जीव. ब्रिटनमध्ये बरीच वर्षे याचा हिशोब गुणांनी होत असे. जुनी गाडी नव्याने बांधणाऱ्याला तिचा मूळ नोंदणी क्रमांक ठेवायचा तर आठ गुण लागत. मूळ चासी किंवा सांगाडा असेल तर पाच, पाट्यांना दोन, एक्सलना दोन, गिअरबॉक्सच्या यंत्रणेला दोन, स्टिअरिंगला दोन. आणि इंजिनाला फक्त एक! हे वाचून मला प्रथम हसू आले. नंतर पटले. इंजिनावाचून गाडी नुसती उभी राहते. चासी, स्टिअरिंग, पाटे बिघडले तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. आमच्या चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचे नाव एकदाच लिहिले जाते. माणूस पुढे कितीही बदलला तरी त्याची ओळख त्या ओळीवरून लागते. चासीवर ठोकलेला क्रमांक हा गाडीचा तसा आहे.

आपल्याकडे मात्र गुणांची रीत नाही. २००० साली ५२ व्या कलमात दुरुस्ती झाली. उत्पादकाने मुळात जे तपशील ठरवले त्यांच्याशी आर. सी. बुकातील नोंद विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये, असे ते आता म्हणते. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हाच अर्थ कायम केला आणि राज्याच्या नियमांचा आधार पुरेसा मानला नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. मान्यताप्राप्त संच बसवून गॅस किंवा विजेवर गाडी चालवण्यास वाट ठेवली आहे. त्याच जातीचे, त्याच बनावटीचे इंजिन संमती घेऊन बदलता येते. मॅटाडोरच्या इंजिनाला मात्र वाट उरलेली नाही.

हा कायदा गावच्या मिस्त्रीवर कठोर आहे, असे माझे मत आहे. पुण्याच्या ए. आर. ए. आय. सारख्या संस्थांतील चाचण्या कारखानदारांच्या नमुन्यांसाठी असतात. एक जीप घेऊन एकटा शेतकरी तेथे काय जाणार? ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय आहे. तशी आपल्याकडे झाली तर पुष्कळांचे कसब उजेडात येईल. परंतु दार उघडे होते तेव्हा आम्ही त्यातून गेलो नाही, हेही खरे आहे.

आता पुतण्याच्या वहीच्या पानाकडे वळू. मोठे टायर हवेत, कारण जीप दगडावर टेकते. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंचांचा बसवला तर एक्सल किती उचलला जातो? तीन नव्हे, दीडच इंच. कारण वाढ निम्मी खाली आणि निम्मी वर. उलट वेगाचा काटा ५० दाखवील तेव्हा गाडी ५५ च्या वेगाने धावत असेल, आणि त्याच ब्रेकची जमिनीवरची पकड दहावा हिस्सा कमी होईल. पाट्यांनी उंची वाढवली तर सांगाडा वर जातो, एक्सल जागीच राहतो. म्हणजे दगडाला तो तसाच टेकणार, आणि वळणावर गाडी कलंडण्याचे भय मात्र वाढणार. पुढच्या लोखंडी गार्डविषयी केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते की ते ५२ व्या कलमाचे उल्लंघन आहे. धक्का लागलेल्या पादचाऱ्याला तो बोथट पत्रा नसतो, सरळ पहार असते. टपावरचे प्रखर दिवेही नियमात बसत नाहीत. तसा दिवा पुढे लावायचा तर अपवाद म्हणून नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागते. मी हे एकेक सांगत गेलो तसा मुलगा पेन्सिलीने खोडत गेला. शेवटी पान जवळजवळ कोरे झाले, आणि मला त्याची कीव आली.

"मग शेतातच चालवू," तो म्हणाला. हाही मार्ग आहे. परंतु कायद्यातील 'सार्वजनिक जागा' ही हमरस्त्यापुरती नाही. जेथे जाण्यायेण्याचा लोकांना हक्क आहे ती प्रत्येक वाट तीत येते. आमच्या शेतातून गेलेल्या गाडीवाटेने पलीकडची तीन घरे बाजाराला येतात, आणि मे महिन्यात लोक त्याच वाटेने क्रुसापाशी प्रार्थनेला जातात. बांधाच्या आत जीप फिरवण्याजोगी जागा आमच्याकडे आहे तरी किती?

कुणीतरी त्याला जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीची माहिती दिली होती. ती सोय जुलै २०२१ पासून आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर 'व्ही ए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. आमची जीप वयाने बसते, इंजिनाने बसत नाही; आणि बसली तरी अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला, दुरुस्तीला नेता येते, रोजच्या कामाला नाही. मुलाला दुधाचे कॅन न्यायचे आहेत, आईला दवाखान्यात न्यायचे आहे.

राहिला एकच मार्ग: जीप पुन्हा आर. सी. बुकासारखी करणे. एका भंगारवाल्याकडे त्याच बनावटीचे पेट्रोल इंजिन मिळाले. ते कोणत्या गाडीतले, ती गाडी रीतसर रद्द झाली होती काय, याचे कागद आधी मागितले, पैसे मागाहून दिले. इंजिन उतरवण्यापूर्वी संमतीचा अर्ज केला. या क्रमाने कामाला आठ दिवसांऐवजी चार महिने लागले. मिस्त्री तोच, आता म्हातारा झालेला. स्वतः घडवलेले लोखंडी पाय कापून काढताना तो काही बोलला नाही. डिझेल इंजिन विहिरीवर नेऊन पंपाला जोडले आहे; तेथे ते उत्तम चालते.

दिव्यांचे काम मी स्वतः समोर बसून करून घेतले. दोन्ही पुढचे, दोन्ही मागचे, वळण दाखवणारे चार, मागे लाल परावर्तक, आणि प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज, म्हणजे एक गेला तरी दुसरा जळत राहील. वायरी जुन्याच वापरू, असे पुतण्या म्हणत होता. मी त्याला त्या जूनच्या संध्याकाळची हकीगत प्रथमच सांगितली, उजवा दिवा मला दिसला होता हेही सांगितले. त्याने वायरी नव्या आणल्या.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. आमची कधीच संपलेली. विलंबाचा दंड भरला, विमा नव्याने उतरवला, आणि गेल्या मंगळवारी जीप पासिंगला नेली. निरीक्षकांनी बॉनेट उघडायला लावले. रॉकेलच्या फडक्याने चासीचा क्रमांक पुसला, त्यावर कागद धरून पेन्सिलीचा ठसा घेतला आणि आर. सी. बुकाशी अंकाअंकाने ताडून पाहिला. जुळला. इंजिनाचा नवा क्रमांक संमतीच्या कागदाशी जुळला. दिवे पाहिले, हॉर्न पाहिला. मग मैदानात ब्रेक दाबून पाहिला, तेव्हा गाडी किंचित डावीकडे ओढली. उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक कमी लागतो, दुरुस्त करून आणा, असे त्यांनी सांगितले.

पुतण्या परतताना रुसला होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ड्रम उघडला तेव्हा आतल्या सिलिंडरमधून तेल पाझरून ब्रेकचे लायनर भिजलेले निघाले. नवे लायनर आले आहेत. येत्या मंगळवारी पुन्हा जायचे आहे.