वचनाचा पत्ता

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या शास्त्रवाचन-सभेत केलेले भाषण)



महोत्सव-मंडळाने आम्हांस आज जो विषय दिला आहे तो असा की, बायबलमधील वचने नित्याच्या आयुष्यात कशी उतरवावी. विषय थोर आहे, आणि धर्मगुरूस तो सोपा वाटावा असाही आहे. कारण वचने सांगणे हे तर त्याचे रोजचेच काम. परंतु सांगणे निराळे आणि उतरविणे निराळे. यास्तव आज पुष्कळ वचने न घेता आम्ही एकच घेणार आहोत, आणि ते आमच्याच आयुष्यात कोठे अडले हे आपणांपुढे प्रांजळपणे मांडणार आहोत.

संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील 23 व 24 ही वचने आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांचा आशय असा : अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या मनुष्यास जर तेथे स्मरण झाले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर त्याने ते अर्पण वेदीपुढे तसेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा, आणि मग परत येऊन अर्पण वाहावे.

हे बोल प्रथम कानी पडले ते गालीलातील लोकांच्या. शेतकरी, कोळी, मजूर अशी ती माणसे होती. अर्पणाची वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात, म्हणजे त्यांच्या गावांपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पायी जाण्यास तीन-चार दिवस लागत. आपल्या वसईहून नाशिकच्या वाटेस लागावे तशी ती यात्रा. एवढे चालून, अर्पणाचा प्राणी विकत घेऊन, गर्दीत वाट पाहून मनुष्य वेदीपाशी पोहोचतो, आणि प्रभू त्यास सांगतो की, प्राणी येथेच राहू दे, तू घरी जा! जाण्यायेण्याचा आठवडा झाला. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांस हे अशक्य वाटले असेल, कित्येकांस हसूही आले असेल. परंतु प्रभूस हेच सांगावयाचे होते की, भावाकडे जाण्याची वाट कितीही लांब असो, ती देवाकडे जाण्याच्या वाटेतच येते. तिला आडवाट नाही.

आरंभीच्या ख्रिस्तसभेने हे वचन अक्षरशः पाळले. ‘दिदाखे’ नावाचा एक अतिप्राचीन ग्रीक ग्रंथ आहे. त्याचे हस्तलिखित 1873 साली कॉन्स्टँटिनोपल येथे विद्वानांच्या हाती लागले. त्याच्या चौदाव्या अध्यायात आज्ञा आहे की, ज्यांचे आपसांत भांडण असेल त्यांनी समेट होईपर्यंत प्रभुवारच्या मेळाव्यात मिसळू नये, नाहीतर यज्ञ विटाळेल. पुढे इसवी सन 155 च्या सुमारास संत जस्टिन हुतात्मा मिस्साविधीचे वर्णन करताना सांगतो की, प्रार्थना संपल्यावर श्रद्धावंत एकमेकांस शांतीचे चुंबन देत, आणि त्यानंतरच भाकर व द्राक्षारस पुढे आणला जाई. आधी भाऊ, मग अर्पण, हा क्रम त्यांनी मोडला नाही. मिलान नगरीच्या अँब्रोझीय उपासनाविधीत शांतीचे चिन्ह आजही सामान्यतः अर्पणापूर्वीच देतात. आपल्या रोमन विधीत ते ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या आधी येते. आपण उजवीकडे वळून हात जोडतो, डावीकडे वळून हात जोडतो; परंतु ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे तो बहुधा देवळाच्या दुसऱ्या बाजूस बसलेला असतो, आणि तिकडे आपली मान वळत नाही.

आता आमची हकीकत. सेमिनरीत असल्यापासून हे वचन आम्हांस पाठ होते. त्यावर आम्ही किती वेळा उपदेश केला असेल याची गणती नाही. असे असता, सुमारे दहा वर्षांपूर्वी, आमचे वडीलबंधू व आम्ही यांच्यात वितुष्ट आले. कारण आपणांपैकी पुष्कळांच्या घरी घडते तेच. वडिलोपार्जित वाडीच्या टोकास एक बावखल होते. त्याच्याच पाण्यावर आमच्या आजोबांनी केळी आणि पानवेली पोसल्या. आई गेल्यानंतर काही दिवसांतच दादांनी वाडीचा तो तुकडा बावखलासकट विकावयास काढला. सातबाऱ्यावर आमचेही नाव असल्यामुळे आमची सही लागत होती. सही आम्ही दिली. परंतु कागदांसोबत एक पत्रही धाडले. जुन्या करारातील राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. पूर्वजांचे वतन विकण्यास त्याने साक्षात राजालाही नकार दिला आणि त्यापायी प्राण गमावला. ती कथा आम्ही दादांस लिहून कळविली, तिच्या जोडीस लोभाविषयीची आणखी तीन वचने घातली, आणि खाली आशीर्वाद लिहून सही केली.

त्या पत्रास उत्तर आले नाही. नाताळास त्यांच्या घरून येणारा डबा बंद झाला. अशी पाच वर्षे लोटली. या पाच वर्षांत आम्ही एक दिवसही मिस्सा चुकविली नाही. कुमसारातही ही गोष्ट कधी बोललो नाही, कारण ती आम्हांस पाप वाटतच नव्हती. मनास विचारावे तर मन म्हणे, आमच्या मनात दादांविषयी काहीही नाही. आम्ही केव्हाच क्षमा केली आहे.

एका उपवासकाळात, पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी, नेमाप्रमाणे शुभवर्तमानाचे हेच वाचन आले. पहाटेची मिस्सा, समोर मोजकी माणसे. शेकडो वेळा वाचलेले ते शब्द वाचताना त्या दिवशी एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरली. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे प्रभू म्हणतच नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे तो म्हणतो. म्हणजे हिशेब मांडावयाचा तो माझ्या तक्रारीचा नव्हे, त्याच्या तक्रारीचा! आमचे मन निर्मळ आहे हे आम्ही पाच वर्षे घोकत होतो. आणि प्रभूने तो प्रश्न विचारलाच नव्हता.

सुरू झालेली मिस्सा अर्धवट सोडता येत नाही. ती आम्ही पूर्ण केली. परंतु अर्पणाच्या वेळी हातातील तबकडी जड झाली होती एवढे खरे. मिस्सा आटोपताच एस.टी. धरून गावी गेलो. दादा अंगणात केळीच्या पानांच्या गड्ड्या बांधीत बसले होते. आम्हांस दीक्षा मिळाल्यापासून ते मोठे असूनही आम्हांस ‘फादर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. त्या दिवशी मान वर करून म्हणाले, “आलास? बस.”

वहिनींनी पाणी आणून दिले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आम्ही विचारले, “दादा, तुमच्या मनात माझ्याविषयी काय आहे ते सांगा. मी ऐकावयास आलो आहे.” तेव्हा कळले की, आईच्या शेवटच्या आजारपणात दादांनी पतपेढीतून कर्ज काढले होते. रात्रीची जागरणे त्यांनी व वहिनींनी केली. आम्ही रविवारी दुपारी जात होतो, आईच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना करीत होतो, आणि संध्याकाळच्या आत परत येत होतो. औषधांचे पैसे कोठून येतात हे आम्ही एकदाही विचारले नाही. बावखल विकले गेले ते त्या कर्जापायी. आणि नेमके त्याच वेळी त्यांच्या हाती आमचे पत्र पडले.

दादा आत गेले आणि प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलेले ते पत्र घेऊन आले. आमच्यापुढे धरून शांतपणे म्हणाले, “वचनं सगळी खरी आहेत रे. पत्ता तेवढा चुकला.”

बंधूंनो, आमच्या सेमिनरीच्या सर्व वर्षांत शास्त्रार्थाचा एवढा मोठा पाठ आम्हांस कोणी दिला नव्हता. आम्ही त्यांची क्षमा मागितली. कुमसारात बसून कितीएकांस क्षमेचे शब्द ऐकविणारे आम्ही. तीच क्षमा मागण्याच्या बाजूने बोलताना जीभ किती जड होते हे त्या दिवशी समजले. बावखल परत आले नाही. तेथे आज चार मजली इमारत उभी आहे. ते बुजावयास नको होते असे आम्हांस अजूनही वाटते, आणि दादांस ते ठाऊक आहे. समेट म्हणजे एकमत नव्हे. समेट म्हणजे भावाची तक्रार त्याच्या तोंडून, त्याच्या दारात, पुरती ऐकून घेणे, आणि जेथे आपले चुकले तेथे चुकले असे म्हणणे.

तर मग वचन आयुष्यात उतरवावे कसे? आमचे उत्तर एवढेच की, प्रथम त्याचा पत्ता नीट वाचावा. वचन कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? बहुधा शेजारी, जाऊबाई, भाऊबंद, नाहीतर स्वतः धर्मगुरू! “हे आज त्यांनी ऐकायला हवे होते,” असे आपण मिस्साहून परतताना म्हणतो. संत याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात वचन केवळ ऐकणाऱ्यास आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाची उपमा देतो. आपण तर त्याहून पुढे जातो. आरसा उचलतो आणि शेजाऱ्याच्या तोंडापुढे धरतो. पूर्वी घरोघरी बायबल नव्हते. 18 नोव्हेंबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ईश्वरी प्रकटीकरणावरील आपल्या लेखात सर्व श्रद्धावंतांस पवित्र शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला. आणि सांप्रत तर ते प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहे. सकाळी उठून दहा जणांस वचन पाठविणे फार सोपे झाले आहे. पाठवावे, त्यात वाईट काही नाही. परंतु ती अकरावी प्रत, जी स्वतःस पाठवावयाची, ती राहून तर गेली नाही ना, एवढे पाहावे.

आता महोत्सवाविषयी थोडे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा नियम आहे. त्या वर्षी गहाण पडलेले वतन मूळ कुटुंबाकडे परत जावे, दास मोकळे व्हावे, जमिनीस विश्रांती मिळावी. परंतु त्या वर्षाचे शिंग कोणत्या दिवशी फुंकावयाचे? सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी. देवाच्या पंचांगात महोत्सवाचा आरंभ पश्चात्तापाने होतो, रोषणाई मागाहून.

आपली रोषणाई झाली आहे. मंडप उभा आहे, बँड ठरला आहे, स्मरणिकेत कोणाचे छायाचित्र आधी यावे यावरून थोडी कुरबुरही झाली आहे. ती झाल्यावाचून महोत्सव पार पडत नाही. परंतु या धर्मग्रामात अशी घरे आहेत की ज्यांच्यामध्ये केवळ एक कुंपण आहे आणि कित्येक वर्षांत ते कोणी ओलांडलेले नाही. ती कोणती हे आम्ही सांगणार नाही; पत्ता ज्याचा त्याने वाचावा. रविवारच्या महामिस्सेस अजून चार दिवस आहेत. गालीलातील माणसास जेवढी वाट चालावी लागली असती तेवढी आपणांस चालावयाची नाही. अंगण ओलांडले की पुरे.

आणि रविवारी अर्पणाच्या मिरवणुकीत एखादी जागा रिकामी दिसली, तर आम्हांस खेद होणार नाही. तो बंधू आधी आपल्या भावाकडे गेला आहे असे आम्ही समजू, आणि तो परत येईपर्यंत त्याचे अर्पण वेदीपाशी सांभाळून ठेवू.

दयाघन प्रभू आपणां सर्वांस ते पहिले पाऊल टाकण्याचे बळ देवो. आमेन.