वहीतला खरा आकडा



येत्या १४ नोव्हेंबरला शाळाशाळांत बालदिन साजरा होईल. तोच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात, कारण इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत मधुमेहासाठी इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं, तेही १४ वर्षांच्या एका मुलाला. टाइप वन मधुमेह म्हणजे काय, इन्सुलिन का लागतं, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं आहे, त्यात मी वेळ घालवत नाही. मी मधुमेही मुलांवर उपचार करते, आणि आज त्यांच्या आईबापांकडे एकच मागणं घेऊन आले आहे. ग्लुकोमीटरवर कोणताही आकडा येवो, मुलावर रागावू नका.

नाशिकच्या अंबडमध्ये माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं कंपनीत जाणाऱ्या आईबापांची. चुंचाळे, दत्तनगर, कामटवाडे इथल्या एक-दोन खोल्यांत राहणारी. येताना शुगरची वही आणतात. काही वह्या उघडल्याबरोबर कळतं. १२०, १३०, ११०, १४०. महिनाभराचे आकडे एकाच पेनने, एका बैठकीत लिहिलेले आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य. मग एचबीएवनसीचा रिपोर्ट येतो, गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा, आणि तो असतो ११. म्हणजे साखर सरासरी २७०च्या आसपास राहिलेली. वडील तिथेच मुलावर उखडतात, "खोटं लिहितोस?" मी त्यांना विचारते, यानं खरा आकडा दाखवला होता, त्या दिवशी घरात काय झालं होतं? त्यावर बहुधा कोणी बोलत नाही.

तुम्हा आईबापांपैकी कितीतरी जण बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर काम करता. ठरल्या वेळी गेज बघायचं, रीडिंग लॉगबुकात लिहायचं. प्रेशर चढलं तर तुम्ही गेजवर ओरडता का? पाणी किती आहे, बर्नर जास्त चाललाय का, वाफ कुठे अडली, ते बघता. आणि ज्या खात्यात सुपरवायझर चढत्या रीडिंगला शिव्या घालतो, तिथे काय होतं ते तुम्हीच मला सांगाल. ऑपरेटर शिफ्टच्या सुरुवातीलाच आठ तासांची रीडिंग भरून मोकळा होतो. लॉगबुक देखणं, आणि बॉयलर आत तापतोय. असं लॉगबुक हातात घेऊन मेंटेनन्सवाल्यानं काय दुरुस्त करायचं? माझी तीच अवस्था होते. वहीत १२० आहे म्हणून मी डोस तसाच ठेवते आणि मूल वाळत जातं. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त भयंकर. एचबीएवनसी जास्त दिसतो म्हणून मी डोस वाढवते. मूल मुळात दुपारचं इंजेक्शनच चुकवत असतं, हे मला कोणी सांगितलेलं नसतं. मग ज्या दिवशी ते शहाण्यासारखं सगळी इंजेक्शनं घेतं, त्याच दिवशी साखर धाडकन खाली येते.

बरं, आकडा चढला म्हणजे मुलानं चोरून खाल्लंच, हे कोणी ठरवलं? तापात साखर चढते. परीक्षेची धास्ती घेतली, घरात भांडण झालं, तर शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, आणि ती दोन्ही साखर वर ढकलतात. म्हणजे तुमच्या ओरडण्यानं आकडा उतरायचा राहिला, चढूच शकतो. वयात येताना शरीरातल्या बदलांमुळे तेवढंच इन्सुलिन कमी काम करतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा डोस वाढला, तर तिनं काही केलं म्हणून वाढलेला नसतो. एकाच जागी टोचून टोचून गाठ आली, तर औषध नीट शोषलं जात नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत इन्सुलिनची कुपी खराब होते. फ्रीज नसेल तर एकात एक दोन मडकी, मध्ये ओली वाळू, आतल्या मडक्यात कुपी, असं करता येतं... ते पुन्हा कधीतरी नीट सांगेन.

आणि आपल्या शिफ्टचं काय? वडील सेकंड शिफ्ट करून रात्री बाराच्या सुमाराला घरी येतात. पोरगं त्यांच्यासाठी जागं असतं, त्यांच्या ताटातले चार घास खातं. त्या घासांचं इन्सुलिन कोणी दिलेलं नसतं. सकाळी आकडा २५०. पोरगं बापाबरोबर जेवलं, याला गुन्हा म्हणायचं का? त्यानं "रात्री बाबांबरोबर जेवलो" एवढं वहीत लिहिलं, तर त्या जेवणाचं काय करायचं ते मी सांगू शकते. पण लिहायला धीर हवा, आणि तो धीर घरातून मिळतो.

आईबापांचा रागही मला कळतो. आजार निघतो त्या दिवसापासून आईला ऐकवलं जातं, "लहानपणी बिस्किटं फार दिलीस." सासू म्हणते, नणंद म्हणते, शेजारीण म्हणते. टाइप वन बिस्किटांनी होत नाही, पेढ्यांनी होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. पण आईच्या मनात ते बोलणं रुतून बसतं, आणि मग मीटरवरचा प्रत्येक मोठा आकडा तिला स्वतःवरचा आरोप वाटतो. ती चिडते ती त्या आरोपावर, आणि मार खातं पोर. म्हणून नातेवाईकांनो, तुम्हालाही सांगते, त्या माउलीला बोलू नका.

तशात कोणीतरी जडीबुटीवाला भेटतो. उपचार सुरू झाल्यावर काही महिने बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज आपोआप कमी होते. तेवढ्यात पुडी चालू झाली असेल, तर श्रेय पुडीला जातं. इन्सुलिन बंद होतं, आणि मूल उलट्या करत, खोल श्वास घेत दवाखान्यात येतं. सांगणारा घरातला कितीही मोठा माणूस असो, इन्सुलिन बंद करू नका.

पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येते. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर आटोक्यात ठेवली, तर डोळे, मूत्रपिंड आणि नसांचं नुकसान पुष्कळ टळतं, हे त्यातून सिद्ध झालं. ज्यांनी ती आटोक्यात ठेवली, ते दिवसातून चार-चार वेळा साखर तपासून त्याप्रमाणे डोस बदलत होते. खऱ्या आकड्याशिवाय हे व्हायचं कसं? स्ट्रिप महाग असते, ओव्हरटाइम करून तुम्ही ती आणता. त्या स्ट्रिपवरचा आकडा मुलानं भीतीपोटी लपवला, तर तुमचे ते पैसे वाया गेले.

ही मुलं एकमेकांना भेटली की बोलू लागतात. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था, नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट अशा मुलांसाठी काम करतात. नाशिकमध्येही तुमच्या डॉक्टरांना सांगा, आमची दुसऱ्या अशा दोन-तीन कुटुंबांशी गाठ घालून द्या. दुसऱ्या पोराच्या वहीत ३०० बघितला, की आपलं पोरही स्वतःचा ३०० दाखवतं.

मला खूण झाली आहे, दोनच मिनिटं उरलीत. शिक्षकांसाठी. वर्गातलं असं मूल अचानक चिडलं, घामाघूम झालं, थरथरलं, उत्तर चुकीचं देऊ लागलं, तर त्याला उभं करू नका. साखर ७०च्या खाली गेली असेल. तीन छोटे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. मूल लघवीला जातो म्हणालं, तर जाऊ द्या. सीबीएसईनं २०१७ मध्येच मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळं आणि पाणी सोबत न्यायला परवानगी दिली आहे. तुमच्या चाचणी परीक्षेलाही ती द्या. आणि मुलानं वर्गात मीटर काढलं, तर "किती आली?" असं सगळ्यांसमोर विचारू नका.

मधुमेही मुलींच्या लग्नाबद्दलही बोलायचं होतं. आजार लपवून लग्न, मग सासरी चोरून इंजेक्शन, चोरून तपासणी, तिथेही पुन्हा तीच खोटी... वेळ संपली. तो विषय मोठा आहे, रेडिओ केंद्रानं बोलावलं तर त्यावर स्वतंत्र बोलेन.