चाळींच्या जागी मनोरे

मुंबईतील वरळीच्या बी. डी. डी. चाळींत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, अशा ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जुनी खोली १६० चौरस फुटांची होती. नवे घर चाळीस मजली इमारतीत आहे, ५०० चौरस फुटांचे आहे, आणि ते मालकी हक्काने व विनामूल्य मिळाले आहे. घराच्या शोधात या शहराने माणसाला किती झुलविले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या किल्ल्यांचे अप्रूप वाटल्यावाचून राहणार नाही. तथापि ज्या चाळी पाडून हे मनोरे उभे राहत आहेत, त्या कोणी आणि कशासाठी बांधल्या, हे ध्यानात घेतल्याशिवाय या घटनेचा पुरता अर्थ लागत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कापडगिरण्या भरात आल्या. कोकणातून, घाटावरून माणसे लोंढ्याने येऊ लागली आणि त्यांना डोके टेकायलाही जागा उरली नाही. भाडी इतकी भडकली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड हे मोठा उत्साही गृहस्थ. त्यांनी १९२० साली 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' नावाचे एक स्वतंत्र खातेच उघडले. बॅक बे येथे समुद्र हटवून जमीन करणे आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधणे, ही या खात्याची दोन मोठी कामे. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. बॅक बेच्या कामाची पुढे जी शोभा झाली ती वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर मांडली, व त्या प्रकरणी त्यांच्यावर झालेला अब्रुनुकसानीचा खटलाही गाजला. खाते काळाच्या उदरात गडप झाले. त्याच्या नावाची आद्याक्षरे मात्र चाळींना चिकटली, आणि त्यांचे पूर्ण रूप काय हे त्या चाळींत जन्मलेल्या पुष्कळांना सांगता येत नाही.

पन्नास हजारांचा संकल्प साडेसोळा हजारांच्या आसपास येऊन थांबला. वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीस १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळ तळमजला धरून चार मजल्यांची. मजल्याच्या मधोमध एक लांबच लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, आणि साऱ्या मजल्याला मिळून सामाईक संडास. गिरगावातील चाळीला पुढे सज्जा असतो, तेथे उभे राहिले म्हणजे रस्ता दिसतो, वारा लागतो. येथे तेही नाही. सारे बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, त्या काळी अगदी नव्या तऱ्हेचे. या चाळी मुळात कैद्यांसाठी बांधल्या होत्या असे मुंबईत अनेक जण अजूनही छातीठोकपणे सांगतात. ते खरे नव्हे. चाळी कामगारांसाठीच होत्या. पण सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला आणि सत्याग्रही तेथे डांबले गेले. दंतकथेचे मूळ तेथे आहे. ज्या इमारतीचे काहीही न बदलता तुरुंग करता येतो, तिच्या आराखड्याविषयी यापरते अधिक काय बोलावे!

परंतु तुरुंगासाठी या खोल्या रिकाम्या सापडल्या कशा, हा खरा प्रश्न आहे. ज्या शहरात एकेका खोलीत दहा-दहा माणसे झोपत होती, त्याच शहरात सरकारने बांधलेल्या खोल्या, विशेषतः वरळीच्या, वर्षानुवर्षे ओस पडून राहिल्या. कारण साधे होते. बांधकाम महाग पडले, म्हणून भाडे चढे ठेवावे लागले, आणि ते गिरणीकामगाराच्या पगारात बसेना. त्यातून वरळी गिरण्यांपासून आडबाजूला. पाळी संपवून मध्यरात्री एवढे अंतर पायी कोण तुडवणार? खात्याने खोल्या मोजल्या, सिमेंटची पोती मोजली, खर्चाचा ताळेबंद मांडला. ज्याने राहायचे त्याच्या पाकिटात महिनाअखेर किती उरते, एवढे मात्र कोणी मोजले नाही.

पुढे भाडी उतरली, शहर वरळीपर्यंत येऊन पोहोचले आणि चाळी भरल्या. इतक्या भरल्या की गावकीच्या खोलीत पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपू लागले. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकी. बायका खानावळी चालवीत आणि या बिऱ्हाडाविना राहणाऱ्यांना जेवू घालीत. खोलीत मावत नसे ते सारे बोळात येई. अभ्यास करणारी मुले, गहू निवडणाऱ्या बायका, आजारी म्हातारा आणि त्याची बाज, लग्नाचा मुहूर्त आणि मयताची तयारी, सर्व काही त्या अंधाऱ्या बोळात. काटकसर म्हणून काढलेली ती वाट वीस बिऱ्हाडांची ओसरी बनली. आराखडा करणाऱ्याला याचे श्रेय देता येणार नाही.

या ओसरीचे गोडवे गाताना थोडे जपून असावे. पहाटे हातात टमरेल घेऊन रांगेत उभे राहणे काय असते, हे त्या चाळीतील स्त्रीलाच विचारावे. रात्री-अपरात्री एकटीने बोळाच्या त्या टोकाला जाण्याचे भय, बाळंतिणीचे हाल, वयात आलेल्या मुलींची कुचंबणा, यांवर चाळीच्या आठवणी लिहिणारे पुरुष सहसा चार ओळीही खर्च करीत नाहीत. घरातच स्वतःचा संडास असणे हा त्या स्त्रियांच्या दृष्टीने चाळीसाव्या मजल्यावरून दिसणाऱ्या समुद्रापेक्षा कितीतरी मोठा लाभ आहे. शिवाय चाळ म्हणजे निव्वळ जिव्हाळा, असेही नव्हते. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीच्या चाळींत सवर्ण आणि दलित रहिवाशांत दंगल पेटली आणि शेजारी शेजाऱ्यावर दगड घेऊन धावला. ज्या मैदानात गणपती आणि दहीहंडी, जेथे १४ एप्रिलचा निळा गुलाल, त्याच परिसरात हेही घडले आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यांतील बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि एके काळी आडबाजूला असलेली वरळी शहराचा मध्यभाग होऊन बसली. काँक्रीटला तडे गेले, छतांचे पोपडे पडू लागले. इकडे चाळ खंगत होती आणि तिच्याखालची जमीन सोन्याच्या मोलाची होत होती. पुनर्विकासाचे गणित यातच आहे. जुन्या रहिवाशांना फुकट घरे देण्याचा खर्च त्याच जमिनीवर उभारलेली दुसरी घरे खुल्या बाजारात विकून भागवावयाचा. राज्य सरकारने २०१६ साली हे काम म्हाडाकडे सोपविले, एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाले, आणि वरळीस प्रत्यक्ष कामाला जोर ऑगस्ट २०२१ नंतर आला. मधल्या काळात रहिवासी अडून बसले होते. आधी करार द्या, मग खोली सोडतो, असा त्यांचा आग्रह होता. त्यांना अडेलतट्टू म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या संक्रमण शिबिरांत कुटुंबांची आयुष्ये कशी सरली आहेत ते एकदा जाऊन पाहावे. शेकडो खोल्यांत पोलीस कुटुंबे राहत होती. त्यांची जागा नोकरीपुरती, म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना घर पंधरा लाखांत देण्याचे २०२२ साली ठरले. शिवडीच्या बारा चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने या योजनेत त्यांचा समावेश होऊ शकला नाही.

आता शंभर वर्षांपूर्वीचा तो न मोजलेला आकडा पुन्हा समोर येतो. चाळीला जिना होता, मनोऱ्याला उद्वाहक आहेत. चाळीच्या टाकीत पाणी आपल्या पावलांनी येई, चाळीसाव्या मजल्यावर ते पंपाने चढवावे लागते. आग लागली तर चाळीतील माणूस बोळातून धावत मैदानात जाई. मनोऱ्याला अग्निशमनाची यंत्रणा लागते, ती सतत सज्ज ठेवावी लागते, आणि तिला माणूस नेमावा लागतो. या साऱ्याचे दरमहा बिल होते. चाळीचे भाडे इतके नाममात्र होते की त्याचा हिशेब घरखर्चात धरावाच लागत नसे. आज त्या घरांत कोणी सुरक्षारक्षक आहे, कोणी घरोघरी सामान पोचविणारा, कोणी निवृत्तिवेतनावर जगणारी गिरणीकामगाराची विधवा आहे. घर कोट्यवधींचे आणि मिळकत हजारांची, हा मेळ बसला नाही तर घर विकून बदलापूर-विरार गाठणे हाच मार्ग उरतो. मुंबईतील इतर पुनर्विकसित इमारतींत असे घडलेले आहे. अशा वेळी तो विक्रेता लोभी होता असे म्हणणे सोपे असते.

सरकारला याची जाणीव नाही असे नाही. नव्या इमारतींची पहिली बारा वर्षांची देखभाल म्हाडाच्या अंगावर आहे. एवढ्या अवधीत रहिवाशांच्या सहकारी संस्थांनी कायमचा निधी जमवावा, त्याच्या व्याजावर उद्वाहक आणि पंप चालावेत, तळमजल्यावरील काही गाळे संस्थेच्याच मालकीचे ठेवून त्यांचे भाडे या कामी लावावे, असे उपाय करता येण्याजोगे आहेत. त्यांची तजवीज इमारत नवी असतानाच व्हावी लागते. तडे गेल्यावर निधी जमत नसतो. ज्यांनी बोळात वर्गणी गोळा करून गणेशोत्सव आणि व्यायामशाळा चालविल्या, त्यांना पैशाचा हिशेब नवा नाही. परंतु दारे मिटलेल्या घरांतून वर्गणी मागण्यासाठी कोणी कोणाच्या दारी जावयाचे, हे चाळीत ठरविण्याची गरज कधी पडली नव्हती. पहिल्या ५५६ घरांची बारा वर्षे २०३७ मध्ये पुरी होतील.